मिस नेटाची मिरवणूक

आर्नेटा पेटस एकतीस वर्षं टॉलिव्हर हायस्कूलच्या हजेरीच्या खिडकीमागे बसत होती, आणि मेम्फिसच्या त्या अर्ध्या भागात तिच्या आवाजाला न टरकणारी आई शोधून सापडली नसती. शाळेत बत्तीसशे मुलं. आठ पाचला घंटा झाली, की जो जागेवर नाही त्याच्या घरी फोन गेलाच. "हॅलो, टॉलिव्हरमधून मिस नेटा बोलतेय," एवढं ऐकलं की पलीकडची बाई पुढचं न ऐकताच पोराला हाक मारायची. तीही नुसत्या नावाने नाही, मधल्या नावासकट.

कोण कुठे दडून बसतो हे नेटाला पाठ होतं. गणिताला दांडी मारणारे मोटारींच्या वर्कशॉपमध्ये गाडीखाली आडवे असायचे. इतिहास चुकवणाऱ्या मुली केशकलेच्या वर्गात डोक्याला गुंडाळ्या लावून बसायच्या. आणि भूक लागलेला कोणीही, कुठल्याही तासाचा असो, स्वयंपाकाच्या वर्गामागच्या जिन्यात सापडायचा. नेटा फोन उचलून म्हणायची, "मिस्टर डुप्री, तुमच्या तिसऱ्या गाडीखाली दोन बूट दिसतात का बघा. ते बीजगणिताचे आहेत."

हिचं स्वतःचं मात्र एक गुपित होतं. सत्तावन्न वर्षांची झाली तरी नेटाला गाडी चालवता येत नव्हती. सतराव्या वर्षी मामाने एकदा शिकवायला नेलं होतं. शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी, दोरी आणि दोरीचा खांब एवढं सगळं बॉनेटवर घेऊन ती परत आली. मामा म्हणाला, "पोरी, तू बसायला जन्मली आहेस, चालवायला नाही." तिने ते मान्य करून टाकलं. थोरली बहीण लर्लीन आणि ती एकाच घरात राहायच्या, आणि लर्लीन रोज सकाळी तिला तपकिरी गाडीतून शाळेच्या दारात सोडायची. एकतीस वर्षं.

त्या उन्हाळ्यात लर्लीनने लग्न केलं. बासष्टाव्या वर्षी! चर्चच्या संमेलनाला म्हणून लिटल रॉकला गेली, तिथे भजनमंडळात खर्जात गाणारा एक विधुर भेटला, आणि ऑगस्टमध्ये बाई जांभळी टोपी घालून बोहल्यावर उभी राहिली.

"अगं, पण मी शाळेत जाऊ कशी?" नेटाने सामान बांधणाऱ्या बहिणीला विचारलं.

"नेटा, मी तुझी बहीण आहे, बस नाही," लर्लीन म्हणाली. "गाडी तुला ठेवलीय. किल्ली दारामागे आहे. माझा नवरा खाली उभा आहे आणि तो फार गोड आहे, तेव्हा मला आता थांबवू नकोस."

शाळेच्या पहिल्या सोमवारी नेटाने दोन बस धरायचं ठरवलं. पहिली आली, दुसरी आलीच नाही. ती धापा टाकत पोचली तेव्हा आठ एकोणीस झाले होते, आणि बंद खिडकीसमोर उशिरा आलेल्यांची रांग पार ट्रॉफींच्या कपाटापर्यंत गेली होती. रांगेत सगळ्यात पुढे उभी होती झरिया टोल्बर्ट. अकरावीतली, बँडमध्ये झांजा वाजवणारी, आणि गेल्या वर्षी एकेचाळीस वेळा उशिरा आलेली.

"मिस नेटा," झरिया गोड आवाजात म्हणाली, "चिठ्ठी घेतल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

मागच्या पोरांनी माना उंचावल्या. नेटाने कुलूप उघडलं, आत जाऊन बसली, उशिराच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि पहिल्या चिठ्ठीवर स्वतःचं नाव घातलं. कारणाच्या रकान्याशी तिचा पेन अडखळला. 'बस हे कारण नव्हे, बस ही सबब आहे,' असं तिनेच आजवर हजारो पोरांना सुनावलं होतं. तिने निमूटपणे 'बस' असं लिहिलं. मग काय, शिट्ट्या आणि टाळ्या! तळमजल्यावरचे सगळे वर्ग दारं उघडून बघायला लागले.

त्याच दुपारी ती मिस्टर बिब्सकडे गेली.

बिब्स हे मुलांना गाडी शिकवायचे. उंच, काटकुळा माणूस, ओठात कायम दात कोरायची काडी. एकोणीस वर्षं सोळा वर्षांच्या पोरांशेजारी बसून हा माणूस जिवंत होता, यातच सगळं आलं. शाळेच्या गाडीत त्यांच्या बाजूला एक जादा ब्रेक बसवलेला होता, आणि तसाच एक त्यांच्या स्वभावातही होता.

"चौथी जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "पण मिस पेटस, गाडीत सगळे सारखे. च्युइंगम खायचं नाही, रडायचं नाही."

"मी कशाला रडेन?"

"सगळेच म्हणतात असं."

मागच्या सीटवर दोघी आधीच बसलेल्या होत्या. एक झरिया. दुसरी इत्सेल बारेरा, शाळेच्या कॅडेट पथकातली. ती बसलेली असली तरी सावधानमध्येच असायची. या दोघींच्या घरी नेटाने मिळून निदान पन्नास फोन केले असतील.

"देवा," झरिया म्हणाली, "हा माझ्या वाढदिवसापेक्षा मोठा दिवस आहे."

स्टेडियमच्या मोकळ्या पार्किंगमध्ये पहिला धडा झाला. नेटाने चाक असं धरलं होतं की सोडलं तर गाडी हवेत उडेल. काटा ताशी चार मैलांवर होता. शेजारच्या तळ्यावरची बदकं आपली चालत चालली होती. त्यातलं एक गाडीच्या बरोबरीला आलं, खिडकीतून आत बघितलं आणि पुढे निघून गेलं.

"सर, आपल्याला बदकाने ओव्हरटेक केलं," इत्सेलने अहवाल दिला.

"त्याला घाई असेल," बिब्स म्हणाले.

महिनाभरात नेटाला पुढे जाता यायला लागलं, थांबता यायला लागलं, पावसात काच पुसता यायला लागली. घोडं पेंड खायचं ते डाव्या वळणाशी. समोरून गाड्या येत असताना त्यांच्या तोंडासमोरून आडवं जायचं, ही कल्पनाच तिला अमानुष वाटायची. सिग्नल हिरवा व्हायचा, पिवळा व्हायचा, लाल व्हायचा आणि नेटा तिथेच. मागचे भोंगे वाजवायचे. एकदा बिब्सने खिशातलं सँडविच काढलं, अख्खं खाल्लं, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मिस पेटस, तीन उजवी वळणं म्हणजे एक डावं. घाई नसेल तर माणूस उजवीकडे वळत वळत कुठेही पोचतो."

नेटाने हे वाक्य बायबलमधल्या वचनासारखं मनात कोरून ठेवलं.

परवान्याच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. परीक्षक म्हणाला डावीकडे घ्या, आणि चार वेळा सिग्नल बदलला तरी गाडी जागची हलली नाही. दुसऱ्या खेपेला मात्र तिने डोळे मोठे केले, बायबलमधलं तेविसावं स्तोत्र खड्या आवाजात म्हणायला लागली आणि 'मृत्यूच्या छायेच्या दरीतून जरी मी गेले' या ओळीवर गाडी डावीकडे घातली. परीक्षक म्हणाला, "आमेन," आणि कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या सुट्टीत तिने परवाना खिडकीच्या काचेला लावून दाखवला, तेव्हा झरिया आणि इत्सेल अशा किंचाळल्या की पहारेकरी धावत आला. मग नेटाने त्याच्या वहीतून एक कोरा कागद मागून घेतला आणि घर ते शाळा असा रस्ता आखला, ज्यात एकही डावं वळण नव्हतं. चार मैलांचे सात झाले, पण चुकलं काही नाही. झरियाचं घर त्या वाढीव तीन मैलांतच लागायचं, म्हणून तीही गाडीत यायला लागली. तेव्हापासून तिला एकदाही उशीर झाला नाही, आणि तिच्या आईने फोन करून विचारलं की शाळेत सगळं ठीक आहे ना.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी होमकमिंग होतं. वर्षातून एकदा जुने विद्यार्थी परत येतात, दुपारी शाळेपासून स्टेडियमपर्यंत मिरवणूक निघते आणि मग फुटबॉलचा सामना. त्या वर्षी मिरवणुकीच्या पुढे एक उघड्या टपाची पिवळीधमक गाडी असणार होती. होडीएवढी लांब. मोटार वर्कशॉपच्या मुलांनी दोन वर्षं खपून भंगारातून उभी केलेली. तिच्या पाठीवर होमकमिंगचे राजाराणी बसणार आणि वर्कशॉपचे मास्तर मिस्टर डुप्री ती चालवणार.

सकाळी साडेअकराला मिस्टर डुप्री बंपरला शेवटचा हात मारायला वाकले, आणि वाकलेलेच राहिले. कंबर धरली. परिचर्येच्या वर्गातल्या बारा मुली स्ट्रेचर घेऊन अशा धावल्या की विचारू नका. दोन वर्षं रबरी बाहुलीला उचलून कंटाळलेल्या त्या पोरींना शेवटी एक खराखुरा माणूस मिळाला होता. "अगं, मी बरा आहे!" असं डुप्री ओरडत होते, आणि एक जण त्यांचा रक्तदाब घेत होती, एक ताप बघत होती, तिसरी सारखी विचारत होती, "सर, आज वार कोणता?"

प्रिन्सिपॉल डॉ. ओगल्सबींच्या तोंडचं पाणी पळालं. "पंचविशीच्या वरचा, परवाना असलेला आणि रिकामा असा एक माणूस हवाय मला!" सगळे मास्तर कुठल्या ना कुठल्या चित्ररथावर चढलेले. बिब्सकडे सगळ्यात मागचा ट्रक होता.

"मिस नेटाकडे परवाना आहे!" झांजा सावरत झरिया ओरडली.

"कधीपासून?"

"एकोणीस दिवस, सर."

डॉ. ओगल्सबींनी घड्याळाकडे पाहिलं. "म्हणजे ताजा आहे," ते म्हणाले.

बरोबर एक वाजता नेटा त्या पिवळ्या होडीत बसली. डोक्यावर लर्लीनने मागे ठेवलेली पिसांची टोपी होती. पाठीमागे राणी ऑपल रीव्ह्ज, मुकुट सावरत. शेजारी राजा, लाजून लाल झालेला. त्यांच्यामागे एकशे ऐंशी मुलांचा बँड, मग कॅडेट, मग स्वयंपाकाच्या वर्गाची हातगाडी आणि तिच्यावर पलंगाएवढी मक्याची भाकरी, मग चिनी शिकणाऱ्या पोरांचा चाळीस पायांचा ड्रॅगन, मग गाड्याच गाड्या. ढोल सुरू झाले आणि नेटाच्या छातीत काहीतरी फुलबाजीसारखं तडतडायला लागलं. लोक हात हलवत होते. तिला! तिनेही एक बोट चाकावरून उचलून हलवलं.

चौथ्या सिग्नलला डावीकडे वळायचं होतं. चौकात पोलीस उभा राहून डावीकडे हात करत होता. पण समोर, सगळ्यांना वाट देत थांबलेला, सोड्याच्या बाटल्यांनी भरलेला एक अगडबंब ट्रक होता. त्याची जाळी नेटाकडे बघून दात विचकत होती. पोलिसाने शिट्टी मारली. नेटाच्या हातांनी तिला न विचारता चाक उजवीकडे फिरवलं.

"मिस नेटा," मागून राणी म्हणाली, "डावीकडे होतं ना?"

"तीन उजवी म्हणजे एक डावं. तू हात हलव, बेबी."

बँडमास्तर मिस्टर फॉन्टेनो नेहमी बँडकडे तोंड करून, उलटे चालत. त्यांना पुढचं काही दिसायचंच नाही. मुलांना सांगितलेलं, पिवळ्या गाडीच्या मागे. कॅडेटना सांगितलेलं, नजर समोर. ड्रॅगनच्या आतल्या चाळीस पायांना तर फक्त पुढच्याची पाठ दिसत होती. पोलिसाच्या शिट्टीला ढोलांपुढे कोण विचारतो? अख्खं टॉलिव्हर हायस्कूल, डोक्यापासून शेपटीपर्यंत, उजवीकडे वळलं.

दुसरं उजवं वळण खणून ठेवलेलं होतं. त्याच्या पुढच्या उजव्या वळणावर रुळांवर मालगाडी उभी होती, डबे मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल अशी. राहिला सरळ रस्ता. आणि सरळ रस्ता जात होता लँगफर्ड फ्लॅट्समध्ये.

या वस्तीची स्वतःची शाळा होती, लँगफर्ड हायस्कूल. नऊ वर्षांपूर्वी ती बंद करून पोरं टॉलिव्हरला पाठवली. त्यानंतर इथल्या कोणा मोठ्या माणसाने होमकमिंगला पाऊल ठेवलं नव्हतं. नेटाला हे इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण सगळ्यात थंड आवाजात फोन उचलला जायचा तो याच गल्ल्यांत.

पहिल्यांदा न्हावी बाहेर आला. मग त्याच्या मागून एक गिऱ्हाईक, गळ्यात कापड, अर्धं डोकं भादरलेलं. त्याने क्षणभर पाहिलं आणि नाचायलाच लागला. मग दारं उघडायला लागली. मिसेस स्टोक्स नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या बाई झाकण आणि डाव घेऊन ओसरीवर आल्या आणि ढोलाच्या तालात बडवायला लागल्या. शुक्रवार असल्यामुळे चर्चच्या अंगणात बायका मासे तळत होत्या. त्यांनी कढया सोडल्या आणि पावात गरम मासा घालून कॅडेटच्या हातात कोंबला. कॅडेटना नजर समोर ठेवायचा हुकूम होता, खायचं नाही असा नव्हता. इत्सेल एका हातात झेंडा आणि एका हातात मासा घेऊन, पाऊल न चुकवता, चावत चालली होती.

"ए पोरांनो," ओसरीवरून मिसेस स्टोक्स ओरडल्या, "आमचं लँगफर्डचं गाणं येतं का तुम्हाला?"

तेव्हा मिस्टर फॉन्टेनोंनी पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. आपण कुठे आहोत हे त्यांना कळायला एक क्षण लागला. समोर त्यांच्या लहानपणीचं किराण्याचं दुकान होतं. ते लँगफर्डचेच विद्यार्थी. त्यांनी हात वर केला. एकशे ऐंशी वाद्यं एका क्षणात गप्प झाली.

"बेबी, ती ट्रम्पेट दे," ते पहिल्या ओळीतल्या मुलीला म्हणाले.

आणि त्यांनी वाजवलं. सुरुवातीला सूर जरा फाटला, मग लागला. दुसऱ्या ओळीला ओसऱ्या गायला लागल्या. न्हावी गात होता, अर्धं डोकं गात होतं, पिठाळलेल्या हातांच्या बायका छातीवर हात ठेवून गात होत्या. तिसऱ्या कडव्याला ढोलवाल्या पोरांनी अंदाजाने ठेका धरला आणि झरियाच्या झांजा नेमक्या जागी पडल्या. नेटा गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवून बसली होती. तिला हसू येत होतं आणि नाक वाहत होतं.

फोन वाजला. डॉ. ओगल्सबी. "मिस पेटस, माझी मिरवणूक कुठे आहे? इथे चार हजार माणसं रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलीत!"

नेटाने मागे वळून पाहिलं. "सर, गैरहजर कोणी नाही. उलट वाढलेत."

कारण वस्ती आता रस्त्यावर उतरली होती. लहान मुलं ड्रॅगनमध्ये शिरली होती आणि त्याला आता किती पाय आहेत हे देवालाच ठाऊक. पुढे रस्ता जुन्या शाळेच्या कुंपणाशी मोठ्या हमरस्त्याला मिळत होता. तिथे उजवीकडे गेलं तर थेट नदी. स्टेडियम डावीकडे.

मागच्या ट्रकमधून उतरून मिस्टर बिब्स काडी चघळत चालत पुढे आले, दार उघडलं आणि नेटाच्या शेजारी बसले.

"या गाडीत माझ्याकडे ब्रेक नाही," ते म्हणाले.

"मग हात मांडीवर ठेवा."

समोरून गाड्या येत होत्या. न्हाव्याने आपलं पांढरं कापड फडकावलं आणि छाती काढून हमरस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. गाड्या थांबल्या. मिसेस स्टोक्सनी झाकणावर डाव हाणला. "जा गं, पोरी!" नेटाने स्तोत्र म्हटलं नाही. तिने सरळ भोंगा दाबला, लांबलचक, आणि ती पिवळी होडी डावीकडे घातली. मागून असा गलका झाला की जणू सामना जिंकलाय.

सामना खरं तर चौतीस-सहा असा हरले. पंचावन्न मिनिटं उशिरा आलेल्या आणि चारशे माणसांनी फुगलेल्या त्या मिरवणुकीनंतर त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पाहुण्या शाळेची मुलंसुद्धा मासे खात होती.

सोमवारी डॉ. ओगल्सबींनी नेटाला आत बोलावलं. टेबलावर दोनशे बारा सह्यांचा कागद होता. पुढच्या वर्षी मिरवणूक याच वाटेने यावी, अशी फ्लॅट्सची मागणी.

"तुम्हाला रागवावं की तुमचे आभार मानावे, हेच ठरत नाहीये मला," ते म्हणाले.

"ठरेपर्यंत मी फोन करून येते, सर," नेटा उठत म्हणाली. "दहावीतले चौदा जण अजून आलेले नाहीत."

वाट बदलली ती कायमची बदलली. फ्लॅट्समधल्या घरांत नेटाचा फोन गेला, की आता पलीकडून आधी हसू ऐकू येतं आणि मग पोराला हाक. मिसेस स्टोक्सनी तर त्याच आठवड्यात हजेरीच्या खिडकीशी येऊन विचारलं होतं, "माझा नवरा गेल्यापासून गॅरेजात गाडी पडून आहे. या वयात जमेल का मला?"

आता दर शनिवारी सकाळी चर्चच्या पार्किंगमध्ये दोघी दिसतात. गाडी गोगलगाईसारखी सरकत असते, शेजारी नेटा हात मांडीवर ठेवून बसलेली असते, आणि आजवर फक्त पाद्रीबाबांचा गुलाबाचा ताटवा गेलाय. तोसुद्धा अर्धाच.